तरुणपणाचे बारीक अक्षर

‘मामा, आता वह्या जपायची काळजी नको,’ असे भाचा म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

परंड्याच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द जमवण्याचा मला नाद आहे. भाचा पुण्याला संगणकाच्या व्यवसायात. लिनक्सवर कंटेनर चालवण्याचे एक हलकेसे साधन त्याने मित्रांबरोबर तयार केले आहे. त्यात त्याने माझ्या शब्दांचे बिऱ्हाड थाटून दिले आणि हाती चार पानांची माहितीपत्रिका ठेवली.

कंटेनर म्हणजे काय, हे त्याने मला वाड्यावरून समजावले. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. आड सर्वांना मिळून एकच. तो म्हणजे संगणकाचे कर्नल. पण प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, सारा वाडा आपलाच! या युक्तीचे मूळ १९७९ च्या युनिक्समधल्या ‘चरूट’मध्ये आहे म्हणे. मी आधी ‘चिरूट’ ऐकले. पुढे २०१३ मध्ये डॉकर आले आणि अशी बिऱ्हाडे जगभर झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साधनाची नवी आवृत्ती आली. पत्रिकेत लिहिले होते, ‘जुना कंटेनर काढा, नवा सुरू करा.’ मी पडलो आज्ञाधारक मास्तर. काढला. नवे बिऱ्हाड उघडले ते लख्ख, आणि रिकामे!

‘पण मामा, माहिती बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवायची असते. कंटेनर काढला की त्याच्या पोटातले सगळे जाणारच. हे उघडच आहे!’

‘उघड होते, तर पत्रिकेत का नाही?’

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

आमच्याच तालुक्यात सीनेच्या काठी डोमगाव आहे. तिथे कल्याणस्वामींचा मठ. समर्थ सांगत आणि कल्याण लिहून घेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही, असे त्यात समर्थांनी बजावले आहे. वर्गात हे मी अनेकदा शिकवले; अर्थ मात्र त्या दिवशी कळला. भाच्याची पत्रिका अशाच बारीक अक्षरात होती. लिहिणाऱ्याला स्वच्छ दिसत होती, मला नाही.

दिवाळीला तो आला, तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून आम्ही पत्रिका पुढे घेतली. मी वाचायचे, अडायचे. जिथे अडेन तिथे त्याने लिहायचे. व्हॉल्यूम कसे जोडायचे, हे पहिल्याच पानावर आले. प्रत्येक आज्ञेनंतर पडद्यावर काय दिसायला हवे, तेही आले. ‘काढा’च्या आधी, मागून नव्हे, ठळक ओळ आली : ‘आतली माहिती नाहीशी होईल. प्रथम बाहेर ठेवलेली प्रत उघडून पाहा.’ शेवटी पत्रिका माझ्या पत्नीच्या हाती दिली. तिने कुणाला काही न विचारता बिऱ्हाड बदलले. सारे शब्द जागच्या जागी!

वह्यांवरून बरेच शब्द मी पुन्हा भरले आहेत. पण अलीकडे मी वह्यांत लिहीतच नव्हतो. गेल्या थंडीत एका आजीने सांगितलेले शब्द मी थेट संगणकात घातले होते. त्या चैत्रात गेल्या. ती ठळक ओळ त्यांच्यासाठी उशिरा आली.