वळवाचा पाऊस आणि आमचा फलक

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान, प्रवचनकला असे पुष्कळ काही शिकविले गेले. रस्त्यावर फलक बांधण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागते, हे मात्र कोणी शिकविले नाही. ते शिकण्यासाठी मला पन्नाशी गाठावी लागली, आणि त्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली.

2019 चा मे महिना. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील एका लहान शहरात तेव्हा माझी नेमणूक होती. धर्मग्रामातील महिला मंडळ दर उन्हाळ्यात पापड, सांडगे, लोणची करून विकते आणि त्या पैशांतून जूनमध्ये गरजू मुलांच्या वह्यांची सोय होते. त्या वर्षी भगिनींच्या मनात आले की, विक्रीची वार्ता साऱ्या गावाला कळावी. फ्लेक्सवाल्याने दोन तासांत भला मोठा फलक छापून दिला. "फादर, याला परवानगी लागंल का?" असे मंडळातील एका वयस्कर मावशींनी विचारले होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मी हसून म्हणालो, "मावशी, चार दिवसांचा तर प्रश्न! चौकात वाढदिवसांचे एवढे फलक झुलताहेत, त्यांत आपल्या पापडांचे ओझे कोणाला होणार?"

एक टोक विजेच्या खांबाला, दुसरे कडुनिंबाला, असा तो सुतळीने बांधला गेला. पूर्वीचे पेंटर कापडी फलक रंगवून झाल्यावर त्याला ठिकठिकाणी अर्धचंद्राकार छेद देत. लहानपणी मला वाटे, एवढे सुंदर अक्षर लिहून हा मनुष्य कापड का फाडतो? ते छेद वारा जाण्यासाठी असत. आमच्या फ्लेक्सला छेद नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. धुळीचा लोट उठला, खांबाकडची सुतळी तुटली आणि फलक शिडासारखा फुगून एका दूधवाल्याच्या तोंडावर आदळला. मोटारसायकल घसरली, किटल्या उलटल्या, उजवे मनगट मोडले.

त्याला मिरजेला नेले. सहा आठवडे प्लास्टर. दोन म्हशी, दहा-बारा घरांचा रतीब, आणि धार काढायला त्याची पत्नी व नववीतली मुलगी. तो पोलिसांत गेला नाही. "चर्चचा बोर्ड हाय, ऱ्हाऊ द्या," एवढेच म्हणाला. त्या एका वाक्याने मला जी लाज वाटली, ती दंडाच्या पावतीने वाटली नसती. भगिनींनी विक्रीची सारी रक्कम त्याच्या उपचारासाठी दिली. त्या जूनमध्ये आमच्या मुलांना वह्या उशिरा मिळाल्या.

मग मी नियम वाचले. उशिराच वाचले. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा 1995 चा आहे. सांगलीसारख्या महानगरपालिकेला 1949 च्या अधिनियमातील 244 व 245 ही कलमे जाहिरातफलकांवर नियंत्रणाचा अधिकार देतात. अधिक ओशाळवाणी गोष्ट अशी की, या विषयावरील गाजलेला खटला आमच्याच साताऱ्याचा! सुस्वराज्य फाउंडेशन या तेथील संस्थेने 2011 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, आणि 31 जानेवारी 2017 रोजी न्यायालयाने राज्यभरच्या महापालिका व नगरपालिकांना बेकायदा फलक हटविण्याचे आदेश दिले. आमचा फलक लागला तेव्हा त्या निकालाला दोन वर्षे उलटून गेली होती.

पुढच्या वर्षी परवानगीचा अर्ज मी स्वतः भरला. जागा कोणती, आकार केवढा, किती दिवस, उतरविणार कोण. प्रश्न साधेच. परवानगीचा क्रमांक फलकावर छापायचा, म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळावे की याचा जाब कोणाला विचारायचा. गरिबाच्या वडापावच्या पाटीला नियम आधी लागतो आणि पुढाऱ्याच्या कमानीला शेवटी, ही लोकांची तक्रार खोटी नाही. तीत तथ्य आहे म्हणूनच 2024 मध्ये उच्च न्यायालयाला राजकीय पक्षांनाही नोटिसा काढाव्या लागल्या. पण त्या दिवशी मी ती तक्रार न्यायासाठी केली नव्हती. स्वतःच्या आळसावर पांघरूण म्हणून वापरली होती. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात अवाढव्य फलक कोसळून सतरा माणसे गेली. ती बातमी ऐकताना मला आमची सुतळी आठवली. आकारात फरक होता, वारा तोच होता.

त्या जुलैत मी दूधवाल्याच्या घरी गेलो. प्लास्टर निघाले होते, मूठ अजून नीट वळत नव्हती. बाहेर धो धो पाऊस. त्याने मला गोठ्यात नेले. पत्र्याखाली आमचाच फ्लेक्स ताणून बांधला होता, अक्षरे खालच्या बाजूला, चारी कोपऱ्यांना नायलॉनची दोरी.

"फादर, कागद लई दमाचा हाय," तो म्हणाला, "एक थेंब गळत न्हाई."

'घरगुती पापड' या अक्षरांखाली म्हैस रवंथ करीत उभी होती. मी दोरीची गाठ ओढून पाहिली. पक्की होती.