तलावांच्या मुलखात पायी फिरताना

सहल म्हटली की आपल्या वस्तीत नावे ठरलेली असतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि पैसे साठलेच तर बुद्धगया. ही आपली श्रद्धास्थाने आहेत, तेथे आपण जाणारच. परंतु रांग नाही, भाषण नाही, गर्दी नाही, नुसते पाण्याच्या काठाने चालायचे, एवढ्यासाठी घराबाहेर पडणारी कुटुंबे आपल्यात अजून थोडीच आहेत. विड्या वळून, बांधकामावर राबून, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून ज्यांचे दिवस जातात, त्यांना खरे तर अशा निवांतपणाची गरज सर्वांत जास्त. पण ‘ही मोठ्या लोकांची हौस’ असे म्हणून आपण ती आपल्या हिशेबातून वगळून टाकतो.

विदर्भातील वाचकांसाठी ही हौस फार दूर नाही. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणूनच ओळखले जातात. झाडीपट्टीतल्या या मुलखात धानाला पाणी मिळावे म्हणून जुन्या काळी ठिकठिकाणी उतारावर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवले गेले. या कामात कोहळी समाज विशेष निष्णात मानला जातो. पाळीच्या वर तलाव, पाळीच्या खाली धानाच्या बांध्या, असे हे चित्र आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले.

याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. त्यांचा पराभव झाला, तरी जुन्या पिढीच्या मनात ती निवडणूक आजही घर करून आहे.

आधी रस्ता, मग तलाव

तलाव सुंदर आहेत, पण तेथे पोचण्याचा रस्ता जपून निवडावा लागतो. महामार्ग सोडला की बऱ्याच ठिकाणी एकेरी डांबरी रस्ता लागतो. समोरून ट्रॅक्टर आला की एकाला चाक खाली उतरवावे लागते. बाजूला मुरूम असतो, तो पावसानंतर भुसभुशीत होतो आणि त्याखाली थेट बांधी असते. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाने भरलेल्या ट्रॉल्या असतात, कुठे रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेले असते. दिवस मावळताना गुरे परततात. जंगलातून जाणारा रस्ता असेल तर वन्यप्राण्यांचीही भीती.

आमच्या परिचयाच्या एका मंडळाची बस चालकाने दहा-बारा किलोमीटर वाचवण्यासाठी अशा आडवाटेला घातली. एका मोरीजवळ समोरून भरलेला ट्रक आला. बस मागे घ्यायला जागा नव्हती. गाडीत सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई होत्या, दिवस गेलेली एक सून होती. अंधार पडेपर्यंत सगळे तेथेच बसून राहिले. तलाव कोणी पाहिलाच नाही आणि त्या घरांतल्या बाया पुन्हा सहलीचे नाव काढीत नाहीत. एका आडवाटेचे नुकसान एवढ्यावर जाते.

म्हणून एक साधा नियम ध्यानात ठेवावा. ज्या रस्त्याने एस.टी.ची मोठी गाडी रोज जाते-येते, तोच रस्ता आपल्या बसचा. त्यापुढचे अंतर पायी. पायी जमण्यासारखे नसेल तर ते ठिकाण लहान गाडीने येणाऱ्यांसाठी सोडून द्यावे. या नियमात बसणारी तीन ठिकाणे खाली देत आहे.

पवनी : एका दिवसाची फेरी

म्हातारी माणसे व लहान मुले बरोबर असतील तर पहिली सहल पवनीची काढावी. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे किंवा नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे येता येते. दोन्ही रस्ते नित्याच्या वाहतुकीचे आहेत. गाडी गावात उभी करावी आणि बाकी सारे पायी पाहावे. बालसमुद्र तलावाच्या काठाने, जुन्या परकोटाच्या बाजूने सावकाश फिरता येते.

पवनी हे नुसते तलावाचे गाव नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. येथील शिल्पांत मुचलिंद नागराजाचे शिल्प आहे. संबोधीनंतर भगवान बुद्ध ध्यानस्थ असताना अवेळी पाऊस आला आणि मुचलिंदाने आपला फणा धरून त्यांना आसरा दिला, ही कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा व धम्माचा संबंध सांगितला होता. त्या नागांची खूण मुलांना आपल्याच मातीत दाखवता येते, याहून मोठा इतिहासाचा तास कोणता? जवळच रुयाड येथे अलीकडच्या काळात महासमाधी भूमीचा महास्तूप उभा राहिला आहे. तेथे वंदना घेऊन परतावे.

नवेगाव बांध : पाळीवरचे चालणे

नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली असा महामार्गाने कोहमाऱ्यापर्यंत प्रवास करावा व तेथून उजवीकडे अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागावे. नकाशात जवळचे दिसणारे जंगलातले रस्ते मोठ्या गाडीने घेऊ नयेत. ज्यांना रस्त्याचा त्रासच नको त्यांनी रेल्वेने गोंदियाला यावे आणि बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीने देवलगाव स्थानक गाठावे. तेथून तलाव जवळ आहे.

लोक सांगतात की अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. हिवाळ्यात दूरदेशीची बदके येथे उतरतात. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी येथील वास्तव्यावर भरभरून लिहिले आहे. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्यामुळे जंगलात पायी फिरण्यास मनाई आहे. आपले चालणे पर्यटन संकुल, तलावाचा काठ व पाळ एवढ्यापुरते ठेवावे. सकाळच्या उन्हात तेवढेच पुष्कळ होते.

इटियाडोह : दुसरे बौद्ध शेजारी

नवेगावला मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातील गोठणगावजवळचे इटियाडोह धरण पाहावे. गाढवी नदीवरचे हे विस्तीर्ण पाणी आहे. येथे लहान गाडीने जाणे बरे. शेजारच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, ते दिवस टाळावेत.

धरणाच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो, त्यांच्यापैकी काहींची घरे येथे आहेत. त्यांचे विहार, त्यांची प्रार्थनाचक्रे, त्यांची वंदना आपल्याहून वेगळी. शास्ता मात्र एकच. देश सुटलेल्या या माणसांनी परमुलखात आपला धम्म कसा जपला, हे आपल्या तरुणांनी जाऊन पाहावे, आदराने दोन शब्द बोलावे.

निघण्यापूर्वी

१) नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्प पर्यटकांसाठी बंद असतो. प्रवेशाचे दिवस-वेळा आधी विचारून घ्याव्यात.

२) चाळीसेक माणसे असतील तर एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेण्याची चौकशी आगारात करावी. थोडी माणसे असतील तर नेहमीची एस.टी. बरी. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे व ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

३) एका दिवशी एकच तलाव. चालणे तासाभराचे. बायांसाठी शौचालयाची सोय कुठे आहे हे आधी पाहून थांबे ठरवावेत.

४) तलावात कोणीही उतरू नये. पाळीजवळ पाणी एकदम खोल असते आणि तळाशी गाळ असतो.

५) दिवस मावळण्यापूर्वी गाडी महामार्गावर आली पाहिजे, हे चालकाशी निघतानाच बोलून घ्यावे.

६) या तलावांवर धीवर बांधवांचे पोट आहे. अर्जुनी मोरगाव भागात धीवर स्त्री-पुरुषांनी बेशरमाची झुडपे उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तेथे प्लास्टिक टाकू नये. शिंगाडे, मासळी त्यांच्याकडूनच घ्यावी व भाव पाडून मागू नये.

खर्चाची अडचण खरी आहे. परंतु महिला मंडळाने दरमहा प्रत्येकी थोडे थोडे बाजूला काढले तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत एका सहलीपुरते जमतात. लग्नाच्या वरातीत एका रात्री जाते त्याहून हे कमीच.

शेवटी एकच सांगायचे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. त्या तळ्याच्या हक्काचा उच्च न्यायालयातील निकाल १९३७ साली लागला. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हे त्या लढ्याने सिद्ध केले. तलावाच्या पाळीवर आपली आई पाय मोकळे करीत बसली आहे, पोरे बदके मोजीत आहेत आणि ‘तुम्ही कोण?’ असे कोणी विचारीत नाही, हे त्या लढ्याचेच फळ आहे. ते फळ कपाटात ठेवून वाळवू नका. येत्या हिवाळ्यातला एक रविवार त्यासाठी राखून ठेवा आणि रस्ता मात्र रुंद निवडा.

जय भीम.