थांबण्याचे शास्त्र

आपल्याकडच्या रस्त्यांवरील पाट्या बहुधा धावणाऱ्यांसाठी असतात. 'अति घाई संकटात नेई', 'वेगावर नियंत्रण ठेवा', 'पुढे धोक्याचे वळण आहे'. गाडी थांबली की धोका टळला, असे आपण गृहीतच धरतो. सहलीत कुणाला मळमळले, कुणाला फोटो काढावासा वाटला, की 'जरा बाजूला घ्या हो' असे आपण सहज म्हणतो. पण ही बाजू कितीशी बाजूला असते? एक चाक पांढऱ्या पट्टीच्या आत, एक बाहेर! त्यातच उतरलेली मंडळी गाडीच्या मागे घोळका करतात आणि तिचा लाल दिवाही झाकून टाकतात.

थांबण्याचेही एक शास्त्र असते, हे मला आण्णांनी शिकवले. माझे वडील ट्रक चालवतात. २०२४ च्या मे महिन्यात मावशीकडून परतताना मी त्यांच्याच ट्रकमधून पुण्याहून साताऱ्याकडे निघाले होते. शिरवळ मागे पडले आणि मागचे टायर फुटले. दिवस मावळला होता. आण्णांनी गाडी साइडपट्टीच्या पार कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, चाकांना दगड लावले आणि जॅकला हात घालण्याआधी लाल त्रिकोण घेऊन ते मागे चालत गेले. चांगली शंभर पावले! क्लिनरदादा हातात बॅटरी घेऊन मागच्या गाड्यांवर नजर ठेवून होता. मला मात्र केबिनमध्ये बसायची बंदी.

"चर वलांडून शेतात उभी ऱ्हा. गाडीफुडं नगं. मागनं कुनी ठोकलं तर गाडी तुझ्याच अंगावर यील."

शंभर पावले मला फार वाटली. घरी आल्यावर हिशेब मांडला. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर कापते. त्रिकोण वीस पावलांवर ठेवला, तर तो ओलांडल्यावर मागच्या चालकाच्या हाती एक सेकंदही उरत नाही. शंभर पावलांवर ठेवला तर तीन सेकंद मिळतात. घाटात तर तो वळणाच्या अलीकडेच हवा. वळण घेतल्यावर दिसलेला त्रिकोण काय कामाचा?

ज्यांच्याजवळ त्रिकोण नसतो, ते गाडीमागे दगड मांडतात, झाडाची फांदी ठेवतात. दिवसा ते दिसते, अंधारात दिसत नाही. शिवाय काम झाले की गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या एखाद्याला ते दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. स्टेपनी बसल्यावर आण्णांनी चाकाचे दगड मला चरात टाकायला लावले. म्हणाले, "आपलं काम झालं. आता त्यो दगड दुसऱ्याचा काळ हाय."

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १२२ व्या कलमानुसार इतरांना धोका होईल अशी गाडी रस्त्यावर सोडणे हा गुन्हाच आहे. आण्णांनी ते कलम वाचलेले नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण मागून येणारा, ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्याचाही विचार करायचा, हा त्या कलमाचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक आहे. नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मी कर्तव्यांची यादी अनेकदा लिहिली. कर्तव्य चालत जाताना पाहिले ते त्या दिवशी.

पुढच्या वर्षीही आपल्या महाविद्यालयाची सहल निघेल. गाडी ठरवताना आपण साउंड कसा आहे, एसी आहे का, हे हमखास विचारतो. त्याच वेळी, गाडीत त्रिकोण आहे का, मागचे दिवे लागतात का, हेही विचारू या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटात ११२, हे तीन क्रमांक प्रत्येकाने जवळ ठेवावेत. आणि चहासाठी थांबायचे झाले, तर पाच मिनिटे उशीर होऊ द्यावा, पण धाब्याच्या आवारातच थांबावे. चहा तिथेही गरमच मिळतो.