तळ्यापासून तळापर्यंत

वऱ्हाडातील माणसाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. रिद्धपुराहून कोकणचा किनारा गाठायचा म्हणजे बडनेऱ्याहून मुंबई आणि मुंबईहून कुडाळ असा रेल्वेचा लांबलचक प्रवास. त्यामुळे आपल्या निवासी शाळेतील आम्ही चार शिक्षकांनी पन्नाशी ओलांडल्यानंतर समुद्राच्या तळाशी उतरण्याची विद्या शिकून घेतली, हे ऐकताच अनेक माजी विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारला : "सर, हे कशासाठी?" उत्तर थोडे लांबचे आहे आणि ते समुद्रापासून नव्हे, विहिरीपासून सुरू होते.

रिद्धपूर ही श्रीगोविंदप्रभूंची भूमी. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे लेखन येथेच केले, म्हणून मराठी गद्याचा इतिहास शिकवताना या गावाचे नाव टाळता येत नाही. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांची एक लीळा आहे. गावात पाणी होते, पण त्यांच्या वाट्याला ते नव्हते. ते राऊळांकडे गाऱ्हाणे घेऊन आले, राऊळांनी त्यांची विनवणी स्वीकारून विहिरीची जागा दाखवली आणि तेथे पाणी लागले. ही तेराव्या शतकातील गोष्ट. तिच्यातील करुणा आम्ही वर्गात आदराने सांगतो आणि तिच्यातील पुरावाही सांगतो : सातशे वर्षांपूर्वी या गावात पाण्याला जात होती.

पुढचा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला. पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी तळ्याला हात लावण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, मागोमाग हजारोंनी घेतले, आणि नंतर ते तळे एकशे आठ घागरी पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे खटला चालला, तो एका ओंजळीचा.

एका वर्षी २० मार्चच्या निमित्ताने हा पाठ चालू असताना आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, त्या दिवशी तळ्यावर गेलेल्यांना पोहता येत होते का?" वर्ग हसला. मग ती म्हणाली, "आणि तुम्हाला येते का?" शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांना तोच प्रश्न केला, तेव्हा चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हते असे आढळले.

हा योगायोग नव्हता. आमच्या लहानपणी खेड्यातील मुले पोहायला शिकत ती विहिरीत. पाठीला तुंबा किंवा रिकामा डबा बांधून काका-मामा पोराला पाण्यात सोडत, आणि दोन उन्हाळ्यांत ते पोर काठावरून सूर मारू लागे. पण ज्यांची विहीर, त्यांचीच पोरे पोहायला शिकली. आमच्या आईवडिलांनी आम्हाला विहिरीपासून दूर ठेवले. बुडण्याच्या भीतीइतकीच विहिरीच्या मालकाची भीती त्यामागे होती. पुढे विहिरी खुल्या झाल्या, घरोघरी नळ आले, मालकाची भीती ओसरली. पाण्याची भीती मात्र घरातच राहिली. आमच्यातील मराठीच्या बाई म्हणतात, "डोक्यावर गुंड घेऊन मी जन्माचे पाणी वाहिले, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरले नाही." कायद्याने मिळालेला हक्क शरीरापर्यंत पोहोचायला आणखी दोन पिढ्या लागतात, याचे याहून नेमके वर्णन आम्हाला इतिहासाच्या ग्रंथांत सापडलेले नाही.

तेव्हा आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीच्या एका तरणतलावावर नावे नोंदवली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या रांगेत चार पिकल्या केसांचे शिक्षक उभे राहिले. पाणी नाकातोंडात गेले, पाय तळ शोधत राहिले, पण दुसऱ्या उन्हाळ्यात शरीराने पाण्यावर विश्वास टाकला. याच सुमारास आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्कूबाची माहिती आणली. किनाऱ्यावर येणारे पर्यटक पोहता येत नसतानाही प्रशिक्षकाचा हात धरून एकदा पाण्याखाली जाऊन येतात. रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करायचा असेल, तर मात्र दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे आणि डॉक्टरांचा दाखला आवश्यक असतो. गणिताच्या सरांनी फेऱ्या मोजल्या. चौघांचेही दोनशे मीटर पूर्ण झाले, तेव्हा आम्ही दिवाळीच्या सुट्टीतील कुडाळची तिकिटे काढली.

मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे. पावसाळा संपला की तेथील समुद्र निवळतो आणि मे महिन्यापर्यंत पाण्याखाली जाता येते. मच्छीमार घरांतील अनेक तरुण आज या किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्र दाखवतात. आमचे शिक्षण पुस्तकापासून सुरू झाले, हे आमच्या पेशाला साजेसेच झाले. पाठीवरच्या नळकांड्यात नुसता प्राणवायू असतो, हा आमचा समज पहिल्याच दिवशी गेला. त्यात दाबून भरलेली साधी हवा असते. ती हवा पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ते आजच्या रूपाला आणले आणि माणूस दोरी-नळीवाचून पाण्याखाली मोकळा झाला.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा : श्वास कधीही रोखू नये. आपल्या शाळेत रोज पहाटे मुलांबरोबर आनापानसतीला बसणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा नियम ओळखीचा वाटला. येणारा श्वास जाणावा, जाणारा श्वास जाणावा. पाण्याखाली त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो : श्वास आत घेतला की शरीर किंचित वर उचलले जाते, सोडला की अलगद खाली येते. मन घाबरले की श्वास जलद होतो आणि हवा लवकर संपते. प्रशिक्षक आमच्या हवेचा काटा पाहून म्हणाले, "तुम्ही वयाच्या मानाने फार कमी हवा खाता." विपश्यनेची अशी पावती आम्हाला यापूर्वी कोणी दिली नव्हती.

पहिली खरी बुडी आम्ही मालवणच्या समुद्रात घेतली. १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला हा परिसर आहे. बोटीतून सिंधुदुर्ग दिसत होता. चहूकडे खारे पाणी, आणि किल्ल्याच्या पोटात मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. आमच्या मनात विहिरीचाच हिशेब चालू असल्याने हे नेमके लक्षात राहिले. मग पाठीवर ओझे घेऊन आम्ही उलटे पाण्यात पडलो. पहिल्या काही मीटरांवर कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की ते मोकळे होतात. त्यानंतर खडकांच्या कपारी, प्रवाळांचे झुबके, कपारीतून रोखून पाहणारा गोबरा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या लहान माशांचे थवे. पाणी तसे गढूळच होते, चार-पाच मीटरांपलीकडे दिसत नव्हते. तरी आम्हाला ते पुरे होते.

या बुडीत एक गोष्ट आम्ही चौघांनीही स्वतंत्रपणे टिपली. खोल जाताना रंग एकेक करून हरवत जातात. आधी लाल जातो, मग नारिंगी, मग पिवळा. बाईंच्या मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसू लागला. शेवटपर्यंत सोबत राहतो तो निळा. यामागे प्रकाशाच्या शोषणाचा साधा नियम आहे, हे विज्ञानाच्या सरांनी बोटीवर आल्यावर समजावून सांगितले. आम्ही ऐकून घेतले, आणि तरीही तो निळा आम्ही आमचाच मानला.

तळावरच्या वाळूत गुडघे टेकून बसलो असताना आणखी एक गोष्ट आठवली. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज बुडवले गेले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाईच्या रकमेतून त्यांनी बडोद्याच्या नोकरीचा प्रवासखर्च भागवला. हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे शिकवला होता. 'तळाशी गेली' या शब्दांचा अर्थ मात्र त्या वाळूवर बसल्यावर कळला. तेथे अंधुक प्रकाश आहे, थंडी आहे, आणि उघडलेले पान वाचायला कोणी नाही.

अभ्यासक्रमात हवा वाटून घेण्याचा एक सराव असतो. साथीदाराची हवा संपली असे मानायचे. त्याने गळ्यावर हात आडवा फिरवून खूण करायची आणि आपण आपल्या नळकांड्याला जोडलेले दुसरे रेग्युलेटर त्याच्या तोंडात द्यायचे. दुसरे यंत्र नसेल, तर एकाच यंत्रातून दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, ही जुनी रीत. उष्ट्याचा विचार करायला तेथे उसंत नसते. पाण्याखाली कोणाला आडनाव विचारता येत नाही. तेथे तीन-चार खुणांची भाषा चालते : ठीक आहे, वर चला, काहीतरी बिघडले आहे, हवा संपली. वर आल्यावर मात्र भाषा परत येते. प्रवासातल्या एका मुक्कामी यजमानांनी नावे लिहून घेताना आमची आडनावे दोनदा वाचली, मग गाव विचारले, मग "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारले. आम्ही "बौद्ध" म्हणालो. क्षणभर शांतता झाली आणि मग त्यांनी जेवणात मासे चालतील का, एवढेच विचारले. त्या शांततेची लांबी आम्हाला मोजता येते. आम्ही ती लहानपणापासून मोजत आलो आहोत.

पुढील दोन वर्षांत सुट्ट्यांना जोडून आम्ही आणखी दोन ठिकाणी गेलो. कर्नाटकात मुरुडेश्वरपासून बोटीने जावे लागते ते नेत्राणी बेट. तेथील पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ आणि तळ खोल. एका बुडीत प्रवाहाच्या धक्क्याने गणिताच्या सरांचा मास्क निसटून त्यात पाणी भरले. डोळ्यांसमोर काही दिसेना, तेव्हा वर धाव घेण्याची ऊर्मी उसळते आणि तीच सर्वांत घातक असते. मराठीच्या बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि स्वतःच्या श्वासाची लय त्यांना हाताने जाणवू दिली. सरांनी मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात हवा सोडली, पाणी बाहेर गेले, आणि दोघे हळूहळू वर आले; पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेऊनच. घोट्याच्या वर पाण्यात न उतरलेल्या बाई त्या दिवशी एका माणसाला धरून उभ्या राहिल्या, समुद्राच्या मध्यावर.

दुसरे ठिकाण अंदमानातील स्वराज द्वीप. तेथे एक कासव आमच्या बाजूने, आमची मुळीच दखल न घेता, बराच वेळ गवत खात फिरले. जवळच पांढरे पडलेले प्रवाळ पाहिले. प्रवाळ हा प्राणी आहे; त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. पाणी तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. २०१० साली अंदमानच्या समुद्रात असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. प्रतीत्यसमुत्पाद समजावताना आम्ही आता दिवा आणि तेल यांच्या जोडीला हे उदाहरण देतो : हे आहे म्हणून ते आहे, हे नाहीसे झाले की तेही नाहीसे होते.

हे सर्व पर्यटनाच्या हौसेपोटी लिहिलेले नाही. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कोठे ना कोठे नदीत, शेततळ्यात, खाणीच्या डबक्यात मुले बुडतात. पोहता येणे हे जीव वाचवण्याचे साधन आहे, आणि ज्यांच्या पूर्वजांना पाण्यापासून दूर ठेवले गेले त्यांच्या मुलांना तर ते अगत्याने शिकवले पाहिजे. महाडला बाबासाहेब केवळ तहान भागवायला गेले नव्हते. पाण्याच्या काठावर सर्वांच्या बरोबरीने उभे राहण्यासाठी गेले होते. काठावर उभे राहण्याचा हक्क आपल्याला मिळाला. पाण्यात उतरणे अजून बाकी आहे.

येत्या उन्हाळ्यापासून आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना आठवड्यातून तीन दिवस अमरावतीला पोहायला नेण्याचे ठरले आहे. गाडीचे भाडे, पोहण्याचे कपडे आणि मुलींसाठी महिला प्रशिक्षक, एवढा खर्च आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यातील वाटा उचलावा, ही विनंती. पालकांकडे संमतीपत्रे पाठवली आहेत. निम्मी सही होऊन आली, निम्मी कोरी परत आली. मुलींची अधिक कोरी आली. त्यामागची भीती आम्ही जाणतो, कारण ती आमच्याही घरात होती. ज्यांनी सही केलेली नाही, त्यांच्या घरी आम्ही चौघे स्वतः येणार आहोत. चहा नको; पाणी घेऊ, आणि बोलू.

जय भीम!