चवदार तळ्याचा अहवाल

पाण्याचे शास्त्र शिकणारे आम्ही विद्यार्थी वही, दोरी आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन महाडला गेलो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरताना सारेच गप्प झालो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथेच ओंजळभर पाणी घेतले. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात बुडवून पाणी ‘शुद्ध’ केले! आमचे शास्त्र सांगते, पाणी शेणाने दूषित होते. माणसाच्या जातीने बाटत नाही. हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून १९३७ साली लागला.

अहवालाच्या तक्त्यात रंग, वास, गढूळपणा असे रकाने होते. ‘पाणी कोणाला मिळते?’ हा रकाना नव्हता. तो आम्ही हाताने आखला. पालकहो, आपल्या मुलांच्या वहीतही तो असू द्या.