देणे आणि देणगी

दिवाळी जवळ आली की आपल्या नोकरदार कुटुंबांत एका शब्दाची वाट पाहिली जाते. बोलताना तो शब्द 'बोनस' असतो. मुंबई महानगरपालिकेच्या पत्रकात तो 'सानुग्रह अनुदान' होतो. आणि अंगणवाडी सेविकेपर्यंत पोहोचता पोहोचता त्याची 'भाऊबीज भेट' झालेली असते. पैसे पैसेच, पण शब्द बदलला की देणाऱ्याचा हात वर जातो आणि घेणाऱ्याचा खाली, असे आम्हांस वाटते. या शब्दांविषयीच आज चार गोष्टी लिहिण्याचे योजिले आहे.

इंदापूर तालुक्यातील वरकुटे हे ऊसपट्ट्यातले गाव. या भागात दिवाळीपूर्वी साखर कारखान्याच्या शेवटच्या हप्त्याची चर्चा पारापारावर चालते. हप्ता चांगला निघाला तर शेतकरी आनंदतो; परंतु कारखान्याने आपल्यावर उपकार केले, असे तो म्हणत नाही. ऊस त्याने मागेच घातलेला असतो, साखर त्याच उसाची झालेली असते; हिशेबाअंती जे निघाले ते आपलेच, हे तो जाणतो. बोनसचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. वर्षभराच्या श्रमांतून जे निर्माण झाले, त्यातील हाती न आलेला वाटा म्हणजे बोनस.

हे तत्त्व मात्र सहजासहजी मान्य झालेले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना मोठा नफा झाला व मालक कामगारांना बोनस देऊ लागले. पुढे १९२३ साली तो बंद करण्याचे ठरले, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने चौकशी केली आणि बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क कामगारांना नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे बोनस ही देणाऱ्याची मर्जी ठरली. त्या मर्जीचे हक्कात रूपांतर होण्यास चार दशके लागली. १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला व १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान बोनस प्रथम वेतनाच्या चार टक्के होता, पुढे तो ८.३३ टक्के झाला. म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग.

परंतु याच कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने शासकीय खात्यांच्या व स्थानिक संस्थांच्या उद्योगांतील नोकरांना बाहेर ठेवले. खाजगी मालकाने काय द्यावे हे शासनाने कायद्याने बांधले. आपण स्वतः काय द्यावे हे मात्र आपल्या निर्णयावर ठेवले. रेल्वेला १९७९-८० पासून उत्पादकतेशी निगडित बोनस मिळू लागला. अलीकडील वर्षांत तो ७८ दिवसांचा असतो. पण हिशेब महिना ७,००० रुपयांवर होत असल्याने जास्तीत जास्त १७,९५१ रुपयेच दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या हाती येतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास तर बोनसऐवजी सण अग्रिम मिळतो. हे १२,५०० रुपये बिनव्याजी असतात व दहा हप्त्यांत पगारातून कापले जातात. आपला ख्रिस्ती कर्मचारी ते नाताळसाठीही घेऊ शकतो. मात्र नाताळचा केक ऑक्टोबरपर्यंत फेडावा लागतो!

आता या शिडीच्या खालच्या पायऱ्या पाहा. २०२५ च्या दिवाळीत मुंबई महानगरपालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांना ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले. त्याच महापालिकेच्या सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांना १४,००० रुपये, आणि बालवाडी शिक्षिका व मदतनिसांना ५,००० रुपये मिळाले. पण ते 'भाऊबीज भेट' या नावाने. राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनिसांची भाऊबीज २,००० रुपयांची होती. वरकुट्यासारख्या गावी बालकांची वजने घेणारी, पोषण आहार वाटणारी, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवणारी हीच सेविका. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ही योजना सुरू झाली, तेव्हापासून तिला वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. मान मोठा, धन थोडे. २०२२ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. तेथे प्रथमच तिच्या श्रमांना भेटीची नव्हे, देण्याची भाषा लाभली.

भाऊबीज हा शब्द गोड आहे. त्यात बहिणीची माया आहे. पण आपल्या खेड्यांत आणखीही एक गोष्ट घडते. वडिलांच्या जमिनीतील बहिणीचा हिस्सा हक्कसोडपत्रावर सही घेऊन सुटतो, आणि मग दरवर्षी तिला साडी नेसवली जाते. साडी वाईट नव्हे. पण ती हिश्शाची जागा कशी घेणार? ओवाळणी तेव्हाच शोभते, जेव्हा बहिणीचे काही देणे बाकी राहिलेले नसते.

'सानुग्रह' म्हणजे अनुग्रहासह, कृपेने. कृपेविषयी आपण मंदिरात वरचेवर ऐकतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, म्हणून आपण त्याच्या औदार्याचे कौतुक करतो. परंतु पहाटेपासून राबलेल्यांना त्याने ठरलेली मजुरी आधी नाकारली आणि मग कृपा म्हणून थोडे हातावर ठेवले, असे तेथे घडलेले नाही. प्रत्येकाचे देणे त्याच संध्याकाळी चुकते झाले. अनुग्रह न्यायाच्या एक पाऊल पुढे जातो. तो न्यायाच्या आसनावर बसत नाही.

हे केवळ मंत्रालयाला उद्देशून लिहिलेले नाही. बोनस घेणाऱ्या घरांतही धुणीभांडी करणारी बाई येते. आपल्या शाळांतून शिपाई आहेत, मंदिराच्या आवारात झाडलोट करणारे हात आहेत. सणाला त्यांना मिठाईचा पुडा अवश्य द्यावा. पण त्याआधी वर्षाच्या शेवटी एका महिन्याचा पगार, ठरलेल्या तारखेस, त्यांनी न मागता द्यावा आणि तो देताना 'हे तुमचेच आहे' एवढे म्हणावे. पुडा त्यानंतर द्यावा. मग तो खरोखरच भेट ठरेल.