आधी बफर, मग पाणी

एप्रिल लागला की आमच्या पुण्याच्या सोसायटीत टँकर सुरू होतात. धरणाचं पाणी हलकं असतं. टँकरचं पाणी कुठल्या ना कुठल्या बोअरचं, बसाल्टच्या भेगांमधून मुरत आलेलं आणि बायकार्बोनेटमुळे जड झालेलं. साबणाला फेस येईनासा झाला की घरात पाणी बदलल्याचं कळतं. गच्चीवर पीव्हीसी पाइपांत मी पालक, लेट्यूस आणि थोडा पुदिना लावते, त्यांना या बदलाचा त्रास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. मातीविना वाढणाऱ्या पालेभाजीला मुळांभोवतीचं द्रावण साधारण साडेपाच ते साडेसहा पीएचच्या दरम्यान लागतं. मातीत सेंद्रिय द्रव्यं, चिकणमातीचे कण हे चढउतार सोसून घेतात. पाइपात सोसून घेणारं कोणी नसतं.

एका उन्हाळ्यात पालकाची नवी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. जुनी पानं मात्र ठणठणीत. नव्या पानांवरची अशी जाळी बघितली की पहिला संशय लोहावर घ्यायचा, कारण झाडाला जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देता येत नाही. माझ्या खतात लोह होतं, पण ते ईडीटीएने धरून ठेवलेलं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ती पकड सैल होत जाते, लोह द्रावणातून बाहेर पडतं आणि मुळांना मिळेनासं होतं. आदल्या संध्याकाळी मी द्रावण 5.9 वर आणून ठेवलं होतं. सकाळी मीटरने 7.3 दाखवलं.

आता विश्वास कोणावर ठेवायचा? एका रात्रीत एवढी उडी पाण्याने घेतली, की मीटर बिघडला? अशा वेळी हात आम्लाच्या बाटलीकडे जातो. माझा बफरकडे गेला आणि ते श्रेय शेजारच्या काकांचं. काकांनी आयुष्यभर एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. मी मीटर घेतला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन सगळ्यात आधी टोपण उघडून आत ओल आहे का ते बघितलं होतं. टोपण कोरडं होतं. "आज काही मोजू नकोस," ते म्हणाले, "रात्रभर भिजू दे, उद्या बघू." आणि दुसऱ्या दिवशी, मी धुतलेलं टोक रुमालाने पुसायला घेतलं तेव्हा: "अगं, पुसतेस काय? टीप. काच घासलीस की तिच्यावर भार चढतो, मग आकडा स्थिर होत नाही."

त्या सकाळी मी मीटर 6.86 च्या बफरमध्ये धरला. आकडा चटकन 6.85 वर येऊन थांबला. मग 4.01 च्या बफरमध्ये, तिथेही बरोबर. म्हणजे मीटर खरं सांगत होता आणि पाणीच वर चढलं होतं.

ते का चढलं, हे नंतर नीट समजून घेतलं. टँकरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटवर आम्ल पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पीएच खाली दिसतो. रात्रभर हवेचा पंप चालला की तो वायू निघून जातो आणि पीएच पुन्हा वर येतो. त्यामुळे अशा पाण्यात आम्ल एकदा घालून भागत नाही. आता मी पाणी आधी वेगळ्या पिंपात घेते, पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल थोडं थोडं घालते, पंप लावून ठेवते, काही तासांनी पुन्हा मोजते, पुन्हा घालते. बायकार्बोनेट बहुतेक संपलं की आकडा जागेवर राहतो आणि मगच त्या पाण्यात खत पडतं. पालकाची त्यानंतर आलेली पानं हिरवी होती. आधी पिवळी पडलेली काही तशीच राहिली, ती खुडून टाकली.

मात्र हे सगळं त्या बफरच्या आकड्यावर उभं होतं. पीएच मीटर स्वतःहून पीएच ओळखत नाही. टोकाच्या पातळ काचेच्या फुग्याला द्रावणातल्या हायड्रोजन आयनांमुळे जो विद्युतदाब येतो, तेवढाच त्याला कळतो. 25 अंश सेल्सिअसला एका पीएचमागे साधारण 59 मिलिव्होल्ट, इतका तो फरक बारीक. या दाबाचा कोणता आकडा करायचा, हे मीटरला आपण शिकवतो, आणि शिकवण्याचं साधन म्हणजे ज्यांचा पीएच पक्का ठाऊक आहे अशी बफर द्रावणं. उदासीनतेजवळचं 6.86 हे शून्याचा ठिकाणा लावतं, 4.01 उतार ठरवतं. म्हणून क्रमही तोच: आधी 6.86, मग 4.01. आपलं काम साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये असल्यामुळे ही दोन टोकं पुरतात. पाकिटांच्या संचात 9.18 चं बफरही येतं. पण गच्चीवरच्या भाजीसाठी मी ते वापरत नाही. एकदा भांडं उघडलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत खाली घसरतं, आणि घसरलेल्या बफरवर मीटर लावण्यापेक्षा ते न वापरलेलं बरं.

पाकिटातली भुकटी मी 250 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवते, बाटलीवर तारीख घालते आणि दर वेळी छोट्या वाटीत लागेल तेवढंच ओतून घेते. वापरलेलं परत बाटलीत जात नाही. बाटलीत बुरशीचे धागे दिसले की ती बाटली संपली. एका बफरमधून दुसऱ्यात जाताना टोक धुवायचं आणि टिश्यूने टिपायचं. हे करायला मी गच्चीवर नाही, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसते, कारण मे महिन्यात गच्चीवर ठेवलेली बाटली बघता बघता चाळिशीच्या घरात तापते. मीटरवर तापमान भरपाई असं लिहिलेलं असतं ते खरं, पण ती काचेच्या उताराची भरपाई असते. बफरचा स्वतःचाही पीएच तापमानाबरोबर सरकतो. 6.86 चं बफर 15 अंशांना 6.90 असतं आणि 40 अंशांना 6.84. फरक छोटा आहे, पण एकाच तापमानाला आणून तो टाळता येत असेल तर टाळावा, असं माझं मत.

हे यंत्र जन्मालाच फळांच्या कामासाठी आलं, ही गोष्ट मला मनापासून आवडते. 1934 मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन या रसायनशास्त्रज्ञाकडे त्यांचे एक मित्र आले. ते संत्री-लिंबं पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत आणि त्यांना लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड असल्यामुळे तेव्हाच्या नेहमीच्या पद्धती चालत नव्हत्या. काचेचा इलेक्ट्रोड चालत होता, पण त्याचा दुबळा विद्युतप्रवाह मोजणं अवघड होतं. बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूब लावून तो वाढवणारं उपकरण बनवलं. आपल्याकडे आम्ल-अल्कलीची ओळख हळद करून देत आली आहे: हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो. पण हळदीचा रंग अल्कलीकडे गेल्यावरच पालटतो. 5.8 आणि 6.8 तिला सारखेच. पालकाला नेमका हाच फरक महत्त्वाचा.

खरी निगा मोजण्याच्या वेळी नाही, मीटर बंद करून ठेवताना घ्यावी लागते. काचेच्या पृष्ठभागावर पाणी प्यायलेला अतिशय पातळ थर असतो, हायड्रोजन आयनांशी देवाणघेवाण तिथेच होते. तो सुकला की काच मंद होते. शेजारी संदर्भ इलेक्ट्रोडचं सच्छिद्र टोक असतं, ते सुकलं तर आतलं मीठ तिथेच घट्ट बसतं. म्हणून टोपणातल्या स्पंजवर कायम ओल हवी. पण कसली? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घरात असतंच, आणि ते स्वच्छ म्हणून पुष्कळ जण टोक त्यातच बुडवून ठेवतात. त्याने इलेक्ट्रोडच्या आतले आयन बाहेर ओढले जातात. डिस्टिल्ड पाणी धुण्यापुरतं. साठवणीसाठी पोटॅशियम क्लोराइडचं तीन मोलर द्रावण: 22.4 ग्रॅम मीठ, एकूण द्रावण 100 मिलिलिटर होईल इतकं डिस्टिल्ड पाणी. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात हे शुद्ध रसायन मिळतं. खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश हेही मुळात तेच, पण त्याच्या लालसर खड्यांमधली लोहाची भेसळ इलेक्ट्रोडला नको. द्रावण संपलं आणि दुकान बंद असलं, तर चार दिवस 4.01 च्या बफरचे थेंब चालतात. टोपणाच्या कडेला पांढरं मीठ जमतं, त्याने घाबरू नये. धुतलं की जातं.

आरओच्या पाण्यात मीटर लावला की आकडा तरंगत राहतो, हे आमच्या मजल्यावरच्या मुलांना नेहमी गूढ वाटतं. त्यात आयनच इतके थोडे असतात की मीटरला धरायला फारसं काही मिळत नाही. खत पडल्यावर तोच आकडा पटकन स्थिर होतो.

मग एका पावसाळ्यात मीटर सुस्तावला. अर्ध्या मिनिटात थांबणारा आकडा बराच वेळ सरकत राहायचा. फुग्यावर खताचा आणि शेवाळाचा पातळ थर बसला होता. सौम्य साबणाच्या पाण्याने तो काढला, क्षाराचा भाग राहिला होता त्यासाठी टोक थोडा वेळ पातळ आम्लात धरलं, रात्रभर साठवणीच्या द्रावणात ठेवलं. सुधारणा झाली, पण पुरती नाही. 6.86 वर लावून लगेच 4.01 मध्ये बुडवला तर तो 4.2 च्या आसपास रेंगाळायचा, म्हणजे काच आता पूर्वीइतका उतार देत नव्हती. काकांना दाखवला. "वय झालं त्याचं," ते म्हणाले. काचेचे इलेक्ट्रोड नीट जपले तरी साधारण वर्ष-दोन वर्षंच चांगले चालतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

नवा मीटर आला, रात्रभर भिजला आणि पाइपांच्या कामाला लागला. जुना मी कुंड्यांच्या मातीसाठी ठेवला आहे. मातीत टोक खुपसलं तर काच जाते, म्हणून माती परीक्षण प्रयोगशाळांच्या प्रमाणाने एक भाग सुकी माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड पाणी घेते, अर्धा तास मधूनमधून ढवळते आणि गाळ खाली बसला की वरच्या पाण्यात मोजते. दख्खनच्या काळ्या मातीचा आकडा बहुधा साडेसातच्या वर निघतो, कोकणातून आणलेल्या लाल मातीचा सहाच्या आसपास किंवा खाली. एवढा फरक सांगायला जुनी काच पुरते. मात्र तिच्याही टोपणात दर आठवड्याला पोटॅशियम क्लोराइडचे थेंब पडतात.